पद्मिनी: राणी आणि टॅक्सी

नाव चितोडच्या राणीचं, चेहरा इटलीचा आणि जन्म कुर्ल्याचा! प्रीमियर पद्मिनीची कुंडली ही अशी.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी तिथे अमेरिकन डॉज, प्लिमथ जोडल्या जात. मग फियाटशी करार झाला. साठच्या दशकात आलेली फियाट ११०० 'डिलाइट' गाजली, आणि तिलाच १९७४ मध्ये 'पद्मिनी' हे नाव मिळालं. लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले.

आता रूप बघा. गोल दिवे, पुढे चकाकती जाळी, मागे पंखांसारखे उचललेले कोपरे. अमेरिकन गाड्यांना तेव्हा भलेमोठे पंख फुटले होते. इटालियनांनी ते छोट्या गाडीला शोभतील एवढेच ठेवले. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, म्हणून पुढे सोफ्यासारखी अखंड सीट. इंजिन १०८९ सीसीचं, अगदी साधं. कोपऱ्यावरचा मेकॅनिकही ते खोलून बसे. टॅक्सीवाल्यांना आणखी काय हवं?

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली.

धुराचा विचार केला तर नियम योग्यच. पण राजेमहाराजांच्या रोल्स रॉइस जपायला हौशी लोक पुष्कळ आहेत. जिच्यातून बाळंतिणी घरी आल्या, वराती निघाल्या, ती चाळकऱ्यांची गाडी कोण जपणार? इतिहास तिचाही आहेच ना!