फायटर मासा, सयामचा राजा आणि चिमूटभर दाणे

#इतिहास #धागा

१/ वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या गावीही आता काचेच्या लहानशा बरणीत एकटाच फिरणारा निळा-तांबडा मासा दिसतो. दुकानदार त्याला ‘फायटर’ म्हणतात, शास्त्रज्ञ ‘बेट्टा’. घरी आणल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हा: याला दिवसातून किती वेळा खाऊ घालावे? उत्तर साधे आहे. परंतु ते नीट समजण्यासाठी इतिहासात डोकवावे लागते.

२/ प्रथम आपल्याच दख्खनकडे पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. याच सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य. त्याच्या काळातील शके १००८चा शिलालेख नागपूरच्या सीताबर्डीचा आहे. म्हणजे हे घराणे विदर्भाला परके नव्हे.

३/ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नोंद असून समुद्रातले आणि नदीतले असा भेदही केला आहे. महत्त्वाचे हे की सर्वांना एकच खाद्य सांगितलेले नाही. कोणाला पेंडीचे व पिठाचे गोळे, तर कोणाला मांसाचे. माशाची जात ओळखा, मग घास ठरवा, हे तत्त्व आपल्याकडे नऊशे वर्षांपूर्वी लिहिले गेले.

४/ मात्र राजाचा हेतू ध्यानात ठेवावा. त्याला मासे पोसून मग गळाने धरावयाचे होते. ज्याला मासा धरावयाचा आहे, त्याने सढळ हाताने घालावे. ज्याला तो जगवावयाचा आहे, त्याने हात आखडावा. या दोन हेतूंची गल्लत झाली की काचेच्या बरणीत अनर्थ होतो.

५/ आता सयामकडे, म्हणजे आजच्या थायलंडकडे वळू. तेथे या माशाला ‘प्ला-कत’, अर्थात चावणारा मासा, म्हणतात. भातखाचरांत आणि उथळ, संथ पाण्यात तो राहतो. डासांच्या अळ्या, किडे आणि पाण्यातले सूक्ष्म जीव हे त्याचे अन्न. लोकांनी तो झुंजींसाठी पाळला. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र भांडे. बरणीची प्रथा अशी झुंजीच्या सोयीतून आली. ती माशाच्या सुखाचा विचार करून पडलेली नाही.

६/ हा मासा बरणीत तग धरतो, कारण त्याच्या डोक्यात कल्ल्यांजवळ घड्याघड्यांचा एक विशेष अवयव असतो. त्यायोगे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. आपल्या तळ्यांतील मरळही हवा घेते. दोघांचा गणही एकच. परंतु तग धरणे निराळे आणि सुखाने जगणे निराळे.

७/ सयामच्या राजाने १८४०च्या सुमारास दिलेले काही लढाऊ मासे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॅनिश वैद्य थिओडोर कँटर याच्यापर्यंत पोहोचले, असे सांगतात. १८४९मध्ये त्याने त्यांचे वर्णन ‘प्युग्नॅक्स’, म्हणजे लढवय्या, या नावाखाली केले. पुढे १९१०मध्ये चार्ल्स टेट रीगन याने सयामचा मासा वेगळ्या जातीचा ठरवून त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’, म्हणजे झळाळणारा, हे नाव दिले. लढवय्या गेला, देखणा आला. २०१९मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले.

८/ देखणेपणामुळे तो जगभरच्या दिवाणखान्यांत शिरला. तोवर काचपेट्यांची आवड रुजली होती: लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय १८५३मध्ये उघडले, मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१मध्ये.

९/ आता मूळ प्रश्न. प्रौढ फायटरला दिवसातून एकदा किंवा दोनदा, प्रत्येक वेळी दोन-चार दाणे पुरेत. दोनेक मिनिटांत संपतील इतकेच. आठवड्यात एक दिवस उपवास. पिलांना मात्र थोडे-थोडे, अधिक वेळा. खाद्य प्राणिज असावे. पोळी, भात, बिस्कीट वर्ज्य. उरलेले दाणे लगेच काढावेत.

१०/ इतकी काटकसर का? भातखाचरात उरलेला घास मोठ्या पाण्यात विरतो, वनस्पती आणि जिवाणू तो पचवतात. बरणीत तोच कुजतो आणि अमोनिया साठतो. हे विष रंगहीन असल्याने दिसत नाही. त्यातच वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात, त्यामुळे कुजणे वेगाने. हिवाळ्यात पाणी गार झाले की माशाचे पचन मंदावते, तेव्हा घास आणखी कमी.

११/ आणि सुटीत गावी जाताना ‘चार दिवसांचे एकदम’ घालू नये. निरोगी प्रौढ मासा तीन-चार दिवस उपाशी सहज राहतो. परंतु कुजक्या पाण्यात तेवढे दिवस काढणे त्याला कठीण.

१२/ आपण जवळ गेलो की मासा काचेपाशी धावतो आणि आपल्याला वाटते, भुकेला आहे. खाचरात पुढचा किडा कधी मिळेल याची शाश्वती नव्हती, म्हणून मिळेल ते गिळण्याची सवय त्याच्या रक्तात आहे. थांबण्याचे शहाणपण त्याच्यापाशी नाही. ते पाळणाऱ्यानेच दाखवावे.

लेखनसीमा.