तारापूर अणुवीज केंद्र : इंधनाच्या परावलंबनाचा इतिहास

भारतीय अणुऊर्जेचा इतिहास मांडताना डॉ. होमी भाभा यांच्या १९५४ मधील त्रिस्तरीय योजनेपासून प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. प्रथम नैसर्गिक युरेनियम, नंतर त्यापासून मिळणारे प्लुटोनियम आणि अखेरीस देशात विपुल असलेले थोरियम, असा तिचा क्रम होता. परंतु देशातील पहिले अणुवीज केंद्र या क्रमात बसणारे नव्हते, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

तत्कालीन ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्यान्वित झाल्या. (ते पाहण्यास भाभा हयात नव्हते, १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले होते.) या अणुभट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम भारतात तयार होत नव्हते. १९६३ च्या करारान्वये अमेरिकेने ते तीस वर्षे पुरविण्याचे मान्य केले होते. अणुवीज व्यवहार्य आहे हे लवकर सिद्ध करण्याच्या दृष्टीने हा निर्णय समजण्याजोगा आहे. त्याची किंमत मात्र पुढे मोजावी लागली.

मे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर चित्र पालटले. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला आणि पुरवठा अडखळला. १९८२ च्या समझोत्यानुसार फ्रान्सने ती जबाबदारी स्वीकारली. पुढे चीन व रशियाकडून इंधन आणावे लागले. वापरलेल्या इंधनाचा प्रश्न त्याहून बिकट ठरला. त्यावर पुनःप्रक्रिया करण्यास अमेरिकेची संमती आवश्यक आहे किंवा नाही, याविषयी दोन्ही देशांत एकमत होईना. परिणामी ते दीर्घकाळ तारापूर येथेच साठून राहिले.

२००५ व २००६ मध्ये तेथेच सुरू झालेले प्रत्येकी ५४० मेगावॅटचे दोन संच स्वदेशी बनावटीचे असून नैसर्गिक युरेनियम व जड पाण्यावर चालतात. त्यांच्यासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे मात्र उठली आणि विस्थापितांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. अणुऊर्जेच्या इतिहासलेखनात या गावांच्या वाट्याला क्वचितच एखादी ओळ येते.

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. त्यांनाही समृद्ध युरेनियमच लागणार आहे. २००८ नंतर भारताला अनेक देशांकडून इंधन घेण्याची मुभा मिळाली, हा फरक महत्त्वाचा आहे. तरीही पुरवठ्याची हमी आणि वापरलेल्या इंधनावरील अधिकार यांविषयीची नव्या करारातील कलमे १९६३ च्या कराराशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते.