तास, तबकडी आणि फ्लॉरेन्सचे पाणबुडे

‘पानेराय’ घड्याळांचे नाव निघाले की रसिक आधी तबकडीबद्दल बोलतात. शब्द मूळचा अरबी, ‘तबक़’, फारसीवाटे आपल्याकडे आलेला. विड्याचे तबक तेच. पुढचा ‘डी’ लघुत्व दाखवतो, पण त्यांच्या ४७ मिलिमीटर रुंदीच्या ‘रादिओमिर’ घड्याळापुढे तो अगदीच ओशाळवाणा दिसतो. इथे नुसते ‘तबक’च म्हणावे!

फ्लॉरेन्सच्या या पेढीने १९३६ पासून इटलीच्या नौदली पाणबुड्यांसाठी अशी घड्याळे पुरवली. वरच्या तबकडीत आकडे आरपार कोरलेले, खाली रेडियमचा लेप. गढूळ पाण्यातही वेळ दिसे. तोच लेप आधी नेम धरण्याच्या उपकरणांसाठी वापरात होता, म्हणून नावातला ‘मिर’ हा इतालियन ‘मीरा’, म्हणजे नेम, यातून आला असावा. ‘मीरा’च्या मागे लॅटिन ‘मिरारी’, चकित होऊन पाहणे. त्याचा धातू आपल्या ‘स्मि’चा सख्खा भाऊ. म्हणजे विस्मय, स्मित आणि रादिओमिर एकाच कुळातले! पुढे रेडियम मागे पडले, ट्रिटियमचा लेप आला आणि ‘लुमिनोर’ हे नवे नाव. त्यातल्या ‘लुमेन’चे नाते आपल्या ‘रुच्’शी, तळपण्याशी.

याहून मौज ‘तास’ची. फारसी-अरबी ‘तास’ म्हणजे वाडगा. बुडाला भोक असलेले भांडे पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की काळाचे एक माप संपले. आपली ‘घटिका’ही अशीच, लहानसा घट. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार तिथूनच आलेला दिसतो. मंगलाष्टकांआधी घंगाळात सोडलेले घटिकापात्र हा तर साक्षात पुरावा. ‘घड्याळ’ही याच ‘घटी’च्या घरातले असावे. घटिकापात्राने बुडावे तेव्हा वेळ कळावी, आणि पाणबुड्याच्या घड्याळाने बुडूनही चालत राहावे, असा हा उलटा प्रवास. गंमत म्हणजे इतालियनात पेल्याला ‘तात्सा’ म्हणतात, तोही याच अरबी शब्दाचा वंशज. फ्लॉरेन्सकर ज्यातून कॉफी पितो, तो आपल्या ‘तासा’चा चुलतभाऊ!

जुन्या नमुन्यांना चावी द्यावी लागते. ही ‘चावी’ पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आलेली, इतालियन ‘क्यावे’ची बहीण.

या घड्याळांचे चाहते स्वतःला ‘पानेरिस्ती’ म्हणवतात. त्यांतले बहुतेक जण कधी पाण्यात उतरत नसावेत, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. मराठीत त्यांना ‘हौशी’ म्हणावे. ‘हौस’चे मूळ अरबी ‘हवस’, आणि तिथे त्याचा एक अर्थ सरळसरळ ‘वेड’ असाच आहे. सदऱ्याच्या बाहीत न मावणारे घड्याळ हौसेने मिरवणाऱ्यांना तो मान्य व्हावा.