कंट्री डान्स, स्कॉटिश

स्त्रीपुरुषांच्या जोड्यांनी समोरासमोर दोन रांगा करून, ठरलेल्या आकृत्या धुनेच्या मात्राखंडांशी काटेकोरपणे जुळवीत नाचावयाचे स्कॉटलंडमधील सामाजिक नृत्य. पुरुषांची रांग वादकांकडे डावा खांदा करून उभी राहते व स्त्रिया त्यांच्यासमोर. वरच्या टोकाची जोडी आकृत्या पुऱ्या करून एक स्थान खाली सरकते, दुसऱ्या आवर्तनात आणखी एक स्थान, आणि मग तळाशी जाऊन अग्रस्थान पुढच्या जोडीस मोकळे करून देते. चार जोड्यांच्या आजच्या प्रचलित संचात प्रत्येक जोडीला हा मान दोनदा मिळत असल्यामुळे बत्तीस मात्राखंडांची धून सामान्यतः आठ वेळा वाजविली जाते. धुनेच्या जातीवरून रील, जिग आणि स्ट्रॅथस्पे असे त्याचे तीन मुख्य प्रकार होतात. त्यांपैकी पहिले दोन द्रुत लयीचे असून तिसरा संथ व भारदस्त आहे.

या नृत्याचे मूळ शोधू जाणाऱ्यास पहिला चकवा देते ते त्याचे नावच. ‘कंट्री’ या शब्दामुळे हे डोंगरदऱ्यांतील गुराखी आणि शेतकरी यांच्या अंगणात अनादी काळापासून चालत आलेले नृत्य असावे, असा समज सहज होतो, आणि स्कॉटलंडविषयीच्या रम्य वाङ्मयाने तो पुष्कळ पोसलाही आहे. उपलब्ध दस्तऐवज मात्र निराळी हकीकत सांगतात. ज्या स्वरूपात आपण हे नृत्य ओळखतो ते स्वरूप अठराव्या शतकातील शहरी नृत्यसभांत, उमरावांच्या वाड्यांत आणि पगारी नृत्यशिक्षकांच्या वर्गांत घडले. आणि त्याची चौकट तर मूळची स्कॉटलंडची नव्हेच, ती इंग्लंडमधून आली.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस एलिझाबेथ राणीच्या दरबारात कंट्री डान्स नाचले जात असल्याचे उल्लेख मिळतात. परंतु त्यांची पद्धतशीर नोंद प्रथम केली ती लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड याने, १६५१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ या पुस्तकात. वर धून आणि खाली नृत्याची कृती अशी शंभरावर नृत्ये त्यात होती. पुढील पाऊणशे वर्षांत त्याच्या अठरा आवृत्त्या निघाल्या, यावरून त्याचा खप किती होता ते ध्यानी येईल. आरंभीच्या आवृत्तीत वर्तुळाकार, चौकोनी व लांब रांगांची अशी सर्व तऱ्हेची नृत्ये आढळतात. परंतु जो येईल त्याला शेपटाशी सामावून घेणारी लांब रांग दिवाणखान्यांतील समारंभांना इतकी सोयीची ठरली की, उत्तरोत्तर तिने इतर सर्व रचनांना मागे सारले. हीच रचना सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये गेली व तेथे ‘कॉन्त्रदाँस’ या नावाने रूढ झाली. पुढे कित्येकांनी या फ्रेंच नावावरूनच इंग्रजी नावाची व्युत्पत्ती लावण्याचा खटाटोप केला. पण तो उलट्या दिशेचा आहे.

स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणेनंतर स्त्रीपुरुषांच्या एकत्र नाचण्यावर तेथील चर्चची करडी नजर होती. तेथे कंट्री डान्सने मूळ धरले ते सतराव्या शतकाच्या सरतीस व अठराव्याच्या आरंभी. एडिंबरोत १७२३ साली सुस्थिर झालेल्या नृत्यसभेचा बंदोबस्त प्रतिष्ठित कुलस्त्रियांकडे असे आणि तिचे उत्पन्न दानधर्माकडे लावले जाई; धर्ममार्तंडांच्या आक्षेपांना यापेक्षा समर्पक उत्तर देता येणे कठीण होते. वैद्यकाच्या अभ्यासासाठी तेथे राहिलेल्या ऑलिव्हर गोल्डस्मिथने १७५३ मधील एका पत्रात अशा सभेचे चित्र रेखाटले आहे : दालनाच्या एका टोकास स्त्रिया, दुसऱ्या टोकास पुरुष, दोहोंमध्ये संभाषण जवळजवळ नाही, आणि कोणी कोणाबरोबर नाचावे हे ठरविणारी एक अधिकारी बाई. ज्या नृत्यास आज आपण मोकळ्या उल्हासाचे प्रतीक मानतो, त्याची एक पाळणाघराची खोली ही अशी शिस्तीची व अबोल होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या काळाची सर्वांत मोलाची साक्ष म्हणजे डेव्हिड यंग या लेखनशिक्षकाने सुवाच्य अक्षरात लिहिलेली हस्तलिखित बाडे. पैकी एक त्याने १७३४ मध्ये पर्थच्या ड्यूकसाठी तयार केले व ते ड्रमंड कॅसल येथील संग्रहाच्या नावाने ओळखले जाते; दुसरे एडिंबरो येथे १७४० साली लिहिलेले असून ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. या बाडांत आकृत्यांची भाषा पुष्कळशी प्लेफर्डचीच आहे. परंतु धुना स्कॉटिश, नावे स्कॉटिश, आणि मुख्य म्हणजे तीन वा चार नर्तकांनी एकमेकांभोवती इंग्रजी आठच्या आकड्याचा गोफ विणण्याची जी ‘रील’ नावाची देशी चाल, ती इंग्रजी आकृत्यांच्या शेजारी ठामपणे येऊन बसलेली दिसते. कलम नेमके कोठे बांधले गेले, ते या पानांवर जवळजवळ डोळ्यांनी पाहता येते, आणि म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकास ती इतकी प्रिय वाटतात. ज्याच्यासाठी पहिले बाड लिहिले गेले तो तरुण ड्यूक जेम्स ड्रमंड पुढे स्ट्यूअर्ट पक्षाच्या बंडात सेनानी म्हणून उतरला आणि कलोडनच्या पराभवानंतर १७४६ साली फ्रान्सकडे पळून जात असता जहाजावरच मरण पावला. त्याची बाजू बुडाली, त्याचे नृत्यांचे बाड मात्र राहिले.

देवघेव एकतर्फी नव्हती. हेन्री प्लेफर्डने १७०० साली लंडनमध्ये स्कॉटिश धुनांचा संग्रह छापला होता, आणि १७३० नंतरच्या दशकात तेथीलच जॉन वॉल्श ‘कॅलिडोनियन कंट्री डान्सेस’ या नावाची पुस्तके विकीत होता. एडिंबरोचा रॉबर्ट ब्रेम्नर याने १७५७ च्या सुमारास काढलेल्या संग्रहाच्या शीर्षकात ‘रील’ आणि ‘कंट्री डान्स’ हे शब्द ‘अथवा’ने जोडलेले आहेत. दोन निराळ्या कुळांचे संगीत व्यवहारात किती एकजीव झाले होते, याचा हा पुरावा होय. स्पे नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलेली स्ट्रॅथस्पे ही लय याच शतकाच्या मध्यास पुढे आली. ऱ्हस्व स्वरावर आघात देऊन त्यास दीर्घ स्वर जोडण्याची तिची खास लकब नील गौ (१७२७–१८०७) व विल्यम मार्शल (१७४८–१८३३) या व्हायोलिनवादकांच्या हाती परिपक्व झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते या नृत्याचे स्कॉटिशपण शोधावयाचे ते आकृत्यांत नव्हे, तर या धुनांत आणि त्यांनी पायांना लावलेल्या वळणात.

पायांचे वळण हा नृत्यशिक्षकांचा प्रांत. गावोगाव फिरून, एखादे कोठार भाड्याने घेऊन, बगलेत लहानशी व्हायोलिन धरून शिकविणारे हे लोक शेतकऱ्याच्या मुलापर्यंत दरबारी अदब पोचवीत. कवी रॉबर्ट बर्न्स वयाच्या सतराव्या वर्षी वडिलांची नाराजी पत्करून अशाच एका वर्गास जात असे. अ‍ॅबर्डीन शहराने १७४७ मध्ये नेमलेला फ्रान्सिस पीकॉक याने १८०५ साली, उतारवयात, आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडला. त्यात त्याने हायलँड प्रदेशातील पदन्यासांची गेलिक नावे नोंदविली आहेत, आणि दूरच्या खेड्यात एका गुराखी पोराने दोन मुलींसमवेत नाचलेली रील पाहून आपण थक्क झालो, हेही मोकळेपणाने लिहिले आहे. शहरचा मानकरी शिक्षक आणि तो अनामिक पोरगा यांच्या या भेटीत या परंपरेचे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात.

‘पा द बास्क’, ‘पूसेत’, ‘आलमांद’ या फ्रेंच संज्ञांवरून मेरी राणीच्या काळातील फ्रेंच मैत्रीशी या नृत्याचा थेट संबंध जोडण्याची प्रथा आहे. मेरीच्या दरबारात नृत्ये होत यात शंका नाही. परंतु कंट्री डान्सच्या स्कॉटलंडमधील आगमनाच्या कितीतरी आधी, १५८७ मध्येच, तिचा वध झाला होता. या संज्ञा फ्रेंच धाटणीवर शिकलेल्या नंतरच्या शिक्षकांनी आणल्या, हे अनुमान अधिक सयुक्तिक होय.

एकोणिसाव्या शतकात क्वाड्रिल, वॉल्ट्झ आणि पोल्का यांच्या लाटेत इंग्लंडच्या दिवाणखान्यांतून कंट्री डान्स हळूहळू लोपला. स्कॉटलंडच्या ग्रामीण भागात तो टिकला, आणि खऱ्या अर्थाने ‘गावचा’ झाला तो याच काळात. नील गौचा पुत्र नथॅनिएल याने १८२० च्या सुमारास प्रचारात आणलेले ‘पेट्रोनेला’ हे दिवाणखान्यातले नृत्य खेड्यांतील धान्याच्या कोठारांत पिढ्यान्‌पिढ्या नाचले गेले.

पहिल्या महायुद्धानंतर जुनी वहिवाट विस्कळित होऊ लागली, तेव्हा जीन मिलिगन (१८८६–१९७८) व इझोबेल स्ट्यूअर्ट या दोन स्त्रियांच्या पुढाकाराने २६ नोव्हेंबर १९२३ रोजी ग्लासगो येथे स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी स्थापन झाली. १९५१ मध्ये तिला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. संस्थेने १९२४ पासून जुन्या बाडांतील व लोकांच्या स्मरणातील नृत्ये बारा-बारांच्या पुस्तिकांतून छापली. बाडांत आकृत्या असल्या तरी पावले कशी टाकावीत याचा तपशील क्वचितच असे. ती उणीव भरून काढताना संस्थेने एकच प्रमाण पाऊल, एकच प्रमाण हात सर्वत्र रूढ केला. पुढे टॉम व जोन फ्लेट या दांपत्याने वृद्धांच्या जबान्या घेत देशभर हिंडून ‘ट्रॅडिशनल डान्सिंग इन स्कॉटलंड’ (१९६४) हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा एकच नृत्य परगण्या-परगण्यांत किती निरनिराळ्या तऱ्हांनी नाचले जात होते ते उघड झाले. प्रमाणीकरणाने ही विविधता पुष्कळ पुसली, ही हानी खरीच आहे; तथापि त्याच्या अभावी जगभरच्या अनोळखी माणसांना एका रांगेत उभे राहून पहिल्या सुरासरशी एकत्र नाचता आले नसते, हेही तितकेच खरे.

नवी नृत्ये रचली जाण्याचे मात्र कधीच थांबले नाही. जून १९४० मध्ये फ्रान्समधील सें व्हालेरी येथे ५१ वी हायलँड डिव्हिजन शरण गेली. तिचे काही अधिकारी बव्हेरियातील लाउफेन येथील किल्ल्यात कैदेत असता त्यांनी तेथे एक रील रचली, जिच्यात नर्तकांच्या रांगांतून संत अँड्र्यूचा तिरपा क्रूस उभा राहतो. युद्धसमाप्तीच्या वर्षी सोसायटीने आपल्या तेराव्या पुस्तिकेत ती छापली, आणि आज ती पर्थच्या ड्यूकच्या बाडातील नृत्यांच्या बरोबरीने, त्याच रांगांत, नाचली जाते.