दोघांकडे नाही, ते एकत्र आल्यावर कुठून येतं?

सिनॉप्सिस लिहिताना पहिल्या प्रकरणात इतिहास टाकावा लागतो. बरेच जण तो जुन्या प्रबंधातून उचलतात. तुम्ही तसं करू नका, कारण पुढे प्रयोगशाळेत जे करायचंय, त्याची कारणं त्या इतिहासातच आहेत.

१८९४ साली पिएर क्यूरी यांनी सममितीच्या आधारे सुचवलं, की चुंबकीय क्षेत्रामुळे काही स्फटिकांत विद्युत ध्रुवीकरण होऊ शकेल. १९५९ मध्ये द्झालोशिन्स्की यांनी क्रोमियम ऑक्साइडचं नाव घेतलं आणि १९६० मध्ये अ‍ॅस्ट्रोव्ह यांनी त्यात मॅग्नेटोइलेक्ट्रिक परिणाम मोजला. पण तो फारच क्षीण! शिवाय साधारण ३४ अंश सेल्सिअसच्या वर तो नाहीसा होतो. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेबलावर ठेवला तरी संपला.

मग १९७२ मध्ये फिलिप्स कंपनीतल्या व्हान सुख्टेलेन यांनी वेगळा विचार मांडला. कोबाल्ट फेराइट चुंबकीय क्षेत्रात किंचित आकार बदलतं. बेरियम टायटनेटवर ताण आला की त्यात विद्युतभार निर्माण होतो. दोघांना घट्ट जोडलं, तर पहिल्याचा ताण दुसऱ्यात उतरेल आणि चुंबकीय क्षेत्रातून व्होल्टेज मिळेल. एकट्यात नसलेला गुण जोडीत आला!

त्याच गटाने आधी वितळलेलं मिश्रण एका दिशेने हळूहळू गोठवून हे संमिश्र बनवलं. ते काम किचकट होतं, म्हणून पुढे पावडर दाबून, भट्टीत भाजून पेलेट केले. आज आपण करतो ते सिंटरिंग हेच. सोपं, स्वस्त, पण ताण पोचतो तो दोन कणांच्या सीमेवरूनच. तिथे भेग, पोकळी किंवा नको असलेली तिसरी फेज आली की सगळं मुसळ केरात. म्हणून एक्सआरडी आणि एसईएम केवळ प्रबंधात चित्रं हवीत म्हणून करायचं नसतं.

आणखी एक अडचण म्हणजे फेराइटचा रोध कमी असतो. त्याचे कण एकमेकांना चिकटून सलग वाट झाली की भार गळतो आणि पोलिंग नीट होत नाही. त्यामुळे फेराइट वाढवत नेलं की परिणामही वाढतच जाईल, हे गणित इथे चालत नाही.

शेवटी एक सावधगिरी. प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र जोडतारांतही व्होल्टेज निर्माण करतं. मोठा आकडा दिसला म्हणून लगेच पेपर लिहायला घेऊ नका. पोलिंग न केलेला पेलेट त्याच जागी ठेवून मोजा. तोच आकडा आला, तर तो तुमच्या पदार्थाचा नाही, तारांचा आहे. हे व्हायव्हात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.