परदेशी सरकारचे विकास अनुदान : गावातील संस्थेने अर्ज करण्यापूर्वी

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात तेरणा नदीकाठी वसलेले माकणी हे गाव निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे ओळखले जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील ज्या पट्ट्याला भूकंपाने हादरवले, तो हाच परिसर. सुमारे आठ हजार माणसे त्या पहाटे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या काही वर्षांत या भागातील लोकांनी परदेशी मदत जितकी जवळून पाहिली, तितकी महाराष्ट्रातील फार थोड्या भागांनी पाहिली असेल.

अशा गावांशी नाते असलेले अनेक जण आज पुण्या-मुंबईत राहतात आणि त्यांच्यापैकी काहींची मुले-भावंडे जर्मनीत, ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये स्थिरावली आहेत. ‘इथले सरकार विकासकामांना पैसे देते, तुम्ही फक्त प्रस्ताव पाठवा,’ असा निरोप तिकडून कधी ना कधी येतोच. पैसे मिळू शकतात, हे खरे आहे. पण नुसता प्रस्ताव पाठवून ते मिळत नाहीत. गरज कितीही खरी असली, तरी पैसा कायदेशीरपणे गावापर्यंत पोहोचण्याची वाट आधी तयार नसेल, तर चांगला प्रस्तावही वाया जातो. ती वाट कशी तयार करायची, याची ही माहिती.

कर्ज आणि अनुदान

पहिला गोंधळ शब्दांचा असतो. भूकंपानंतरचा सर्वांत मोठा परदेशी निधी जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमा’तून आला. त्यासाठी १९९४ मध्ये बँकेच्या सवलतीच्या कर्जाच्या खिडकीतून २४ कोटी ६० लाख डॉलर मंजूर झाले. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतर शेकडो गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. परंतु ते कर्ज होते, सरकारने सरकारसाठी घेतलेले. गावातील एखाद्या मंडळाला अशा निधीसाठी स्वतंत्र अर्ज करता येत नाही.

अनुदान वेगळे. त्याची परतफेड नसते. पण ठरलेल्या कामावर, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पद्धतीने खर्च करण्याचे बंधन असते. आपल्या देशाचे धोरणही येथे लक्षात घ्यावे लागते. २००३ मध्ये केंद्र सरकारने अनेक छोट्या देणगीदार देशांकडून सरकार-ते-सरकार मदत घेणे थांबवले आणि त्या देशांनी आपली मदत स्वयंसेवी संस्थांमार्फत किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फत द्यावी, असे सुचवले. ब्रिटनने भारताला दिले जाणारे पारंपरिक आर्थिक साहाय्य २०१५ अखेर थांबवले. अमेरिकेची ‘यूएसएड’ ही यंत्रणा १ जुलै २०२५ रोजी बंद झाली. म्हणजेच दारे कमी झाली आहेत आणि उरलेल्या दारांवर गर्दी वाढणार, हे गृहीत धरूनच तयारी करावी.

अर्जाच्या दोन वाटा

पहिली वाट येथील दूतावासाची. काही देशांचे दूतावास आपल्या सरकारच्या विकासनिधीतून छोटी अनुदाने थेट स्थानिक संस्थांना देतात. जपानची ‘तळागाळातील मानवी सुरक्षा प्रकल्पांसाठी अनुदान साहाय्य’ ही योजना त्यांपैकी जुनी आणि परिचित. महाराष्ट्रातील संस्थांसाठी मुंबईतील जपानी महावाणिज्य दूतावास हे संपर्काचे ठिकाण आहे. इमारत, उपकरणे, वाहन अशा टिकाऊ गोष्टींवर या योजनेचा भर असतो. पगार, धान्य, इंधन असा चालू खर्च त्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियाची ‘डायरेक्ट एड प्रोग्रॅम’ ही योजनाही दूतावासांमार्फतच चालते.

दुसरी वाट परदेशातील संस्थेची. येथे अर्जदार तिकडची नोंदणीकृत धर्मादाय संस्था असते आणि गावातील संस्था तिची भागीदार. जर्मनीत संघराज्याचे आर्थिक सहकार्य व विकास मंत्रालय खासगी संस्थांच्या परदेशातील प्रकल्पांना खर्चाच्या साधारण ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देते. उरलेला वाटा संस्थेने व भागीदाराने उभा करायचा असतो. तिकडच्या संस्थेला काही वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. त्यामुळे भाच्याने फ्रँकफुर्टमध्ये काल स्थापन केलेले मंडळ उद्या अर्ज करील, ही अपेक्षा व्यर्थ होय. अनुभवी संस्थेशी जोडून घेणे हाच मार्ग.

‘एफसीआरए’ : खरी पहिली पायरी

परदेशी सरकारचा पैसा हा कायद्याच्या भाषेत ‘विदेशी अंशदान’ ठरतो. तो स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० म्हणजेच ‘एफसीआरए’ खाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते. दूतावास दिल्लीत किंवा मुंबईत असला आणि धनादेश रुपयांत असला, तरीही हा नियम लागू होतो. याउलट संयुक्त राष्ट्रांच्या संस्था व जागतिक बँक यांना या कायद्याने ‘विदेशी स्रोत’ या व्याख्येतून वगळले आहे.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. महाराष्ट्रातील बहुतेक संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. पण ती नोंदणी व ‘एफसीआरए’ नोंदणी या दोन स्वतंत्र बाबी आहेत. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरील क्रमांकही लागतो.

ज्या संस्थेला ही अट पूर्ण करता येत नाही, तिला पूर्वपरवानगीचा मार्ग खुला आहे. ही परवानगी विशिष्ट देणगीदाराकडून, विशिष्ट कामासाठी, विशिष्ट रकमेपुरती असते. त्यासाठी देणगीदाराचे वचनपत्र आणि प्रकल्प अहवाल जोडावा लागतो. पैसा येतो तो केवळ स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यात. तेथून तो गावाजवळच्या बँकेतील खात्यात खर्चासाठी वळवता येतो.

मोठ्या संस्थेमार्फत पैसा नाही

सप्टेंबर २०२० मध्ये या कायद्यात झालेल्या दुरुस्तीचा सर्वाधिक परिणाम माकणीसारख्या गावांतील छोट्या संस्थांवर झाला. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था परदेशी निधी घेई आणि त्यातील हिस्सा नियमांच्या अधीन राहून गावातील छोट्या संस्थेला देई. आता विदेशी अंशदान एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण मनाई आहे, मग दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरीही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली.

याचा अर्थ असा, की गावातील महिला मंडळाला आता तीनच पर्याय उरतात. स्वतःची नोंदणी मिळवणे, पूर्वपरवानगी घेणे किंवा मोठ्या संस्थेने स्वतः राबवलेल्या प्रकल्पात लाभार्थी म्हणून सहभागी होणे. तिसऱ्या पर्यायात काम गावात होते; पण हिशेब आणि निर्णय गावाच्या हाती राहत नाहीत. ज्यांना ते हाती हवे आहेत, त्यांनी तीन वर्षे आधीपासून खर्चाच्या पावत्या, लेखापरीक्षण आणि सभांची इतिवृत्ते नीट ठेवण्यास आरंभ केला पाहिजे.

परदेशातील नातेवाइकांसाठी

आपल्याकडे एक समज दृढ आहे, की परदेशातून येणारा प्रत्येक पैसा विदेशी अंशदान होय. तसे नाही. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. मात्र त्याच व्यक्तीने परदेशी नागरिकत्व घेतले, की तिची देणगी विदेशी ठरते. हाती ‘ओसीआय’ कार्ड असले तरीही. एकाच घरातील दोन भावांच्या देणग्यांना दोन वेगळे नियम लागू होऊ शकतात.

दुसरी अडचण पदांची. तिकडच्या देणगीदार संस्थेत मुलगा आणि इकडच्या संस्थेचे प्रमुख वडील, ही रचना भावनेने सुंदर असली, तरी नियमांच्या कसोटीवर अडू शकते. येथील संस्थेचा मुख्य पदाधिकारी देणगीदार संस्थेचा भाग असता कामा नये. दोन्हीकडे काही सदस्य समान असल्यास, येथील कार्यकारिणीतील किमान ७५ टक्के जण देणगीदाराचे सदस्य वा कर्मचारी नसावेत, अशी अट आहे. देणगीदार एकच व्यक्ती असेल, तर तिच्या नातलगांनाही हेच प्रमाण लागू होते. अर्ज करण्यापूर्वी कार्यकारिणीची यादी या दृष्टीने तपासून घ्यावी.

प्रस्तावात काय असावे

समजा, माकणी परिसरातील एखाद्या संस्थेला ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांकरिता निवासाची सोय उभारायची आहे. आईवडील कारखान्याच्या फडावर गेले, की मुलाची शाळा सुटते; गरज निर्विवाद आहे. परंतु प्रस्ताव वाचणारा अधिकारी गरजेच्या पुढे जाऊन काही साधे प्रश्न विचारतो.

जागा कोणाची? सातबारा उतारा संस्थेच्या नावे आहे, की दीर्घ मुदतीचा करार? ग्रामसभेचा ठराव आहे काय? खर्चाचा अंदाज कशावरून काढला? जपानी योजनेत तीन वेगवेगळ्या पुरवठादारांची दरपत्रके मागितली जातात. एकाच ठेकेदाराचा आकडा चालत नाही. अनुदानाने खोल्या बांधल्या, तर अधीक्षकाचा पगार, धान्य आणि वीजबिल कोण भरणार? शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना असताना ही वेगळी सोय कशासाठी? मुलींच्या सुरक्षिततेची व्यवस्था काय? आणि सरतेशेवटी, दोन वर्षांनी किती मुले शाळेत टिकली, हे कसे मोजणार?

या प्रश्नांपैकी चालू खर्चाच्या प्रश्नावर बहुसंख्य प्रस्ताव गडबडतात. ‘लोकवर्गणीतून’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणाकडून, किती, कोणत्या महिन्यात, हे लिहावे लागते. जे उत्तर कागदावर देता येत नाही, ते प्रत्यक्षातही सापडत नाही, असाच सर्वसाधारण अनुभव आहे.

महाराष्ट्रातील एक धडा

लोकांचा वाटा आधी, अनुदान नंतर, हे सूत्र महाराष्ट्रात नवे नाही. फादर हरमन बाखर यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. जर्मन सरकारचा पैसा ‘केएफडब्ल्यू’ व ‘जीटीझेड’ या यंत्रणांमार्फत येई. नाबार्ड आणि ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ येथील बाजू सांभाळत. गावाने आधी काही दिवस श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करायची, गावाची पाणलोट समिती नेमायची. मगच मोठा निधी. पैशाने माती अडवता येते; पण बंधारा राखणारी समिती विकत घेता येत नाही, हे या पद्धतीने ओळखले होते.

भूकंपग्रस्त भागातही हाच अनुभव आला. घरदुरुस्तीच्या टप्प्यात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, भिंतीला कोणता पट्टा द्यायचा, हे त्या घरोघरी समजावून सांगत. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या महिलांचे अनुभव गुजरातमधील महिलांच्या उपयोगी पडले. मदत घेणारे गाव मदत देणारे होऊ शकते, ते असे.

भारतही देणारा देश

देश म्हणूनही हे चित्र आता दुहेरी आहे. परराष्ट्र मंत्रालयाने २०१२ मध्ये विकास भागीदारीसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. नेपाळमध्ये २००३ पासून भारताच्या अनुदानातून शाळा, आरोग्यकेंद्रे, पाणीपुरवठा असे पाचशेहून अधिक छोटे प्रकल्प हाती घेण्यात आले. राजस्थानातील तिलोनिया येथील ‘बेअरफूट कॉलेज’मध्ये परदेशांतील ग्रामीण महिलांना सौरऊर्जेचे प्रशिक्षण देण्यासाठीही भारत सरकारच्या ‘आयटेक’ कार्यक्रमाचे साहाय्य लाभले. परदेशात काम करू इच्छिणाऱ्या संस्थांनी हे मार्ग अभ्यासावेत.

मंजुरीनंतर

अनुदान मंजूर झाले, की खरे काम सुरू होते. विदेशी अंशदानाचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. स्थानिक देणग्यांत तो मिसळू नये. आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत वार्षिक विवरणपत्र भरावे. त्या वर्षी एक रुपयाही आला नसेल, तरीही. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच करावा लागतो. कामात बदल करायचा असल्यास देणगीदाराची लेखी संमती आधी घ्यावी. नियम वारंवार बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील नियम पुन्हा वाचून घेणे श्रेयस्कर.

परदेशातील आप्तांचा निरोप आला, की त्यांना प्रस्तावाआधी एकच प्रश्न विचारावा : पैसा कोणाच्या नावे, कोणत्या खात्यात आणि कोणत्या परवानगीने येणार? याचे उत्तर हाती असेल, तर बाकीचा प्रस्ताव लिहिणे फारसे अवघड नाही. ते नसेल, तर पुढील दोन-तीन वर्षे ते मिळवण्यात घालवणे हीच प्रकल्पाची खरी सुरुवात समजावी.