जगरा, पऱ्हाटी आणि गॅसचं ग्रिल

गेल्या डिसेंबरात आमच्या अमरावतीच्या घराच्या मागच्या अंगणात एक भलं मोठं खोकं येऊन पडलं. आत गॅसवर चालणारं ग्रिल होतं. झाकणवालं, तीन बर्नरचं, चाकं लावलेलं. सिनेमात अमेरिकन बाप रविवारी दुपारी एप्रन बांधून ज्याच्यासमोर उभा असतो, तेच.

आई ओट्यावर बसली होती. म्हणाली, "हे काय आणलं बापा?"

मी म्हटलं, "रोडगे भाजायची मशीन."

ती इतकी हसली की तिला खोकला आला. आणि तो खोकला होता म्हणूनच तर ते खोकं आलं होतं.

आईचं वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी दम लागतो म्हणून तपासणी केली. डॉक्टरांनी फोटो पाहून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "किती वर्षं विडी ओढत होत्या?" आईनं उभ्या आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. तिनं ओढली ती चूल. त्या दिवसापासून धूर वर्ज्य झाला, आणि त्याबरोबर आमच्या घरचे मार्गशीर्षातले रोडगेही बंद झाले.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचा, तेलाचं बोट लावत पदर देऊन वळलेला गोळा. मोकळ्या जागेत गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, ज्वाळा बसून लाल विस्तव राहिला की तो पसरायचा आणि रोडगे त्यात पुरायचे. त्या विस्तवाला आमच्याकडे जगरा म्हणतात. भाजले की बाहेर काढून सुती फडक्यानं राख पुसायची, फोडायचे, वर तूप. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचं वरण. पळसाच्या पानांत घालून भाजले तर ते पानगे. मारुतीला, महादेवाला, शेतातल्या देवाला नवस फेडायचा तो रोडग्यांनीच. ही काही कालची गोष्ट नाही. सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या भवानीआईच्या भारुडात सासुरवाशीण देवीला नवस बोलते, तोही रोडग्याचाच. म्हणजे किमान चारशे वर्षं मराठी बाई देवापुढे रोडगा ठेवते आहे. ती तिथं काय मागते ते आठवलं की रोडगा आणि सासरचा जाच यांचं नातंही जुनंच दिसतं. असो.

ग्रिल जोडता जोडता मला या विस्तवाचाच इतिहास आठवत राहिला. आपण राजांचा इतिहास वाचतो, कापसाचा वाचतो, रेल्वेचा वाचतो. पण त्या सगळ्यांच्या घरी रोज संध्याकाळी काय जळत होतं, हे कोणी फारसं लिहून ठेवत नाही.

आगपेटी घरोघरी सहज मिळायच्या आधी विस्तव शेजारून मागून आणायची वस्तू होती. शेगावच्या गजानन महाराजांची एक गोष्ट वऱ्हाडात लहान पोरांनाही ठाऊक असते. महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव हवा होता, म्हणून पोरं जानकीराम सोनाराकडे गेली. तो अक्षय्य तृतीयेचा दिवस होता, आणि सणाच्या दिवशी घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, म्हणून त्यानं नाही म्हटलं. पुढचा चमत्कार आपण सगळे जाणतो. मला मात्र त्या गोष्टीत दिसतो तो रोजचा व्यवहार. सकाळी कोणाच्या तरी चुलीत निखारा जिवंत असायचा, आणि तिथून तो गल्लीभर जायचा. आई सांगते की तिच्या लहानपणीही म्हाताऱ्या बाया रात्री निखारा राखेत पुरून ठेवायच्या, सकाळी काडी वाचावी म्हणून.

आणि चुलीत काय जळायचं? इथं वऱ्हाडचा सगळा इतिहासच पुढे येतो. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ पर्यंत जी.आय.पी. रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. कापसाचे गठ्ठे मुंबईला गेले, पैसा सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या घरी गेला. शेतकऱ्याच्या बायकोच्या वाट्याला काय आलं? पऱ्हाटी! शेवटची वेचणी झाली की उरलेलं कापसाचं वाळकं झाड उपटायचं, बैलगाडीवर लादायचं आणि घरामागं गंजी रचायची. तेच वर्षभराचं सरपण. पऱ्हाटी भुर्रकन पेटते आणि भुर्रकन संपते. म्हणून चुलीसमोरून उठता येत नाही, सारखी सारत राहावी लागते. तुराट्यांचंही तेच. गोवरी सावकाश जळते, पण तिचा धूर जड. दोन्ही मिळून स्वयंपाक व्हायचा, आणि दोन्ही मिळून आईची छाती झाली.

गोवरीचंही एक चक्र होतं. ज्वारीचं कणीस घरात यायचं, कडबा बैलाच्या पुढ्यात जायचा, बैलाचं शेण भिंतीवर थापलं जायचं, आणि त्याच गोवरीवर पुन्हा भाकर भाजली जायची. हिवाळ्यात त्याच विस्तवावर हुरडा. मग सोयाबीन आलं, ज्वारी मागं हटली, ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. बाबांच्या बार्शीटाकळी तालुक्यातल्या शेतात आज एकही बैल नाही. शेवटची दोन-तीन वर्षं तर आम्ही रोडग्यांसाठी गोवऱ्या विकत आणत होतो! पऱ्हाटीही आता घरामागं रचू नका असंच कृषी विभाग सांगतो, कारण तिच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात शेतात उतरते.

धुराचं म्हणाल तर ते कोणाला कळलंच नव्हतं असं नाही. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ मध्ये सुरू झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या मंडळींनी धूर बाहेर काढणारी मगन चूल केली. वर्धा आमच्या अमरावतीहून काही तासांच्या अंतरावर. १९५९ मध्ये दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी फुप्फुसांमुळे होणाऱ्या हृदयविकारावर लिहिताना बिडी-सिगरेट न ओढणाऱ्या बायकांकडे आणि त्यांच्या चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं होतं. १९८३ मध्ये कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकानं गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो, हे मोजून प्रसिद्ध केलं. मला हे सगळं आईच्या तपासणीनंतर वाचताना कळलं. १९५९ साली आई सोळा वर्षांची होती. लग्न व्हायला आणखी चार वर्षं होती. तोवर ते कागद छापून झालेले होते, हे मनातून जात नाही.

गॅस मुंबईत १९५५ मध्ये आला, बर्माशेल कंपनीनं आणला. १९६५ मध्ये इंडेन सुरू झालं. अकोल्याच्या आमच्या घरी तो यायला १९८३ उजाडलं. नंबर लावून बाबा किती वर्षं थांबले होते, देव जाणे. त्या काळी गॅसच्या कनेक्शनसाठी खासदाराच्या कोट्यापर्यंत ओळखी काढाव्या लागत. लाल सिलिंडर आलं, त्यात १४.२ किलो गॅस. आईनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि त्यावर पहिल्यांदा दूध तापवलं. पण गॅस आला आणि चूल गेली, असं मात्र झालं नाही. गॅस चहाला, दुधाला, पाहुण्यांना. भाकरी, आंघोळीचं पाणी, वाळवणाचं, पापडाचं सगळं मागच्या अंगणातल्या चुलीवर. सिलिंडर पुरवायचं होतं ना! आमची मागची चूल १९९६ साली मोडली. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली तेव्हा खेड्यांतल्या कितीतरी घरांत हेच पुन्हा झालं. सिलिंडर कोपऱ्यात, चूल मध्यभागी.

तर ग्रिल. ही कल्पना माझ्या धाकट्या भावाची. तो न्यू जर्सीत असतो. फोनवर म्हणाला, "दादा, आम्ही इथं रोडगे गॅसवरच भाजतो, धूर नाही काही नाही." अमेरिकेतलं मागच्या अंगणातलं हे भाजणंही तसं फार पुरातन नाही. १९५२ मध्ये शिकागोजवळ वेबर नावाच्या धातूकामाच्या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या लोखंडी गोळ्याचे दोन भाग वापरून झाकणवाली कोळशाची शेगडी केली. वारा-पावसात विस्तव सांभाळायचा होता, एवढंच. गॅसची ग्रिलं त्यानंतर आली. झाकण ठेवून चारी बाजूंनी धग द्यायची, ही त्यातली खरी गोष्ट. आणि जगऱ्यात आपण दुसरं काय करतो?

खोक्यात पुस्तिका निघाली ती नुसत्या चित्रांची. मी आणि बारावीतला मुलगा, दोघं दोन संध्याकाळी अंगणात ठाण मांडून बसलो. झाकणाची बिजागरी उलटी बसली, सगळं खोलून पुन्हा लावली. तीन स्क्रू आलेच नव्हते. विकणाऱ्याला कळवलं, उत्तर आलं नाही. शेवटी इर्विन चौकाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणले. ग्रिलच्या पाठीवर ३० मिलिबार दाबाचा आकडा कोरलेला होता, आपल्या घरगुती रेग्युलेटरचाही दाब जवळपास तेवढाच असतो, हे पाहून जीव भांड्यात पडला. नळी जोडली, साबणाचं पाणी लावलं. एका जोडावर बुडबुडा आला. क्लिप आवळली, पुन्हा पाणी लावलं, मगच पेटवलं. (हे करणार असाल तर साबणाचं पाणी विसरू नका!)

पहिला घाणा पार वाया गेला. तिन्ही बर्नर पेटवून रोडगे थेट वर ठेवले. बाहेरून कोळसा, आतून कच्चं पीठ. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "अरे, जाळावर नाही टाकत रोडगा. जाळ बसू दे लागते." तेव्हा डोक्यात उजेड पडला. बाजूचे दोन बर्नर मंद ठेवले, मधला बंद केला, रोडगे मध्ये आणि झाकण लावलं. पाऊण तास, दोनदा उलटून. हा झाला लोखंडातला जगरा. वांगी मात्र सरळ जाळावर घातली, साल तडतडून जळली, भरीत फक्कड झालं.

रोडगा फोडला. आत पदर सुटलेले, वाफ निघत होती. तूप घातलं. चांगला होता, खरंच चांगला. पण सगळे गप्प. मुलगाच बोलला, "बाबा, वास नाही येत." मीही तेच मनात म्हणत होतो. मला माझे बाबा दिसत होते. धोतर खोचून, घाम पुसत, लांब काठीनं जगरा सारखा करणारे. त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांचा असायचा. गोवरीच्या राखेचा तो वास म्हणजे माझ्यासाठी बाबाच. मुलानं तोडगा काढला, "एका लोखंडी डब्यात गोवरीचा तुकडा घालून आत ठेवू ना. धूर थोडाच होईल."

मी उठायला लागलो, तशी आई म्हणाली, "गोवरी नको."

मी म्हटलं, "अगं, तू आत बस. तुझ्यापर्यंत येणार नाही."

"माझ्यासाठी नाही म्हणत मी," ती म्हणाली. "तुझ्या बाबाले वर्षातून एक दिवस धूर होता, म्हणून त्याईले गोड लागे. मले बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस होता. मले कधीच नाही आवडला तो वास."

मला काही सुचेना. मी म्हटलं, "मग रोडग्यांच्या दिवसाची तू एवढी वाट का पाहायचीस?"

"त्या दिवशी मी बसून खाओ," ती म्हणाली. "कोणीतरी गरम गरम आणून वाढे. म्हणून."

एवढं बोलून तिनं ताट पुढे केलं. "वाढ अजून एक. तूप घाल बरं जास्त."

मी वाढला. मग सूनबाईला म्हणाली, "तू काहून उभी हायस? बस. यायले भाजू दे." बायको बसली. मी आणि मुलानं उरलेले सोळा रोडगे भाजले, वाढले, आणि शेवटी उभ्याउभ्याच खाल्ले. इतकी वर्षं ज्याला मी रोडग्याची चव म्हणत आलो, ती बरीचशी माझ्या बाबांची चव होती. आईची चव वेगळीच होती, आणि ती मी कधी विचारली नव्हती.

वास नाही, हे खरंच आहे. भावाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "होतं तसं, सवय होते." मला नाही वाटत होईल. पण या मार्गशीर्षातही ग्रिलच पेटणार, गोवरीशिवाय. गोवऱ्यांची एक गोणी मागच्या खोलीत तशीच पडून आहे, ती होळीला देऊन टाकीन म्हणतो.

आणि तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, त्यांना काय आवडत होतं ते. उत्तर आपल्याला वाटतं तेच येईल असं नाही.